पाट्याचा राजा

सुपात दाणं, ओठात गाणं
खुंटीला कुंची, वीतभर उंची
पाट्याचा राजा पाळण्यात माझा
जड की हलका? जड गं, जड
दिव्याला वात, गाठीला हात

१. सुपात दाणं, ओठात गाणं

सुपाखाली फाईल नव्हती.

दुपारी तीनला लाईट आली, पंखा फिरला, आणि भक्तीनं बाजेवर बसल्या बसल्या हात लांब करून कोनाड्यातलं सूप उचललं. सुपात बाळाच्या पाचवीची ज्वारी तशीच होती. तिच्याखाली सकाळी दहापर्यंत एक निळी, मऊ प्लॅस्टिकची, बटणाची फाईल होती. तिच्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कृषी विद्यापीठाची पदवी, दाखले आणि सरकारी नोकरीच्या निवडीचं पत्र. उद्या सकाळी दहाला परभणीत हे मूळ कागद तपासले जाणार होते. झेरॉक्स चालणार नव्हती. जी हजर नसेल तिचं नाव कटणार होतं आणि खालचं वर सरकणार होतं.

ती ओरडली नाही. बाळ नुकतं झोपलं होतं. तिनं दाराच्या फटीतून मला हाक मारली.

मी नागनाथ, भक्तीचा मामा. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस तपासनीस म्हणून. परभणी-गंगाखेड रस्त्यावर कुठंही गाडी थांबवायची, दार लावायचं आणि तिकिटं बघायची. आता निवृत्त. पोखर्णीच्या पुढं असलेल्या बहिणीच्या गावी नातीच्या बारशाला आलो होतो.

भक्तीच्या खोलीला एकच खिडकी, तिच्यात चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी. तिचे कान बांधलेले. मे महिना. सव्वा महिना तिनं उंबरा ओलांडायचा नव्हता. उद्याच्या एका दिवसाची सूट तिनं बारा दिवस भांडून मिळवली होती.

"मामा, तुमी गाडी थांबवून माणसं तपासत होता न्हाई का?" ती म्हणाली. "थांबवा गाडी."

मी अंगणात गेलो. पाहुण्यांची जीप निघायच्या तयारीत होती. फाटकाला कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

२. खुंटीला कुंची, वीतभर उंची

आता दार लावलंय, तर आत कोण कोण आहे ते सांगतो.

माझी धाकटी बहीण कडूबाई, भक्तीची आई, जिच्या घरी हे बारसं. तिचे मालक लिंबाजी, जे दिवसभर मांडवात होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत, म्हणून त्यांना आपण इथंच सोडून देऊ. गंगाखेडकडून आलेले सासरचे तिघं: सासू चांगुणाबाई, नवरा योगीराज, नणंद निकिता. आणि चुलीपुढं शेजारची तानुबाई. गावातल्या बाया जेवून, रिकाम्या हातानं, केव्हाच घरी गेल्या होत्या.

बारसं बाराला लागलं. पावणेबारालाच लाईट गेली होती. खोलीत जागा नव्हती, मी दारात उभा होतो, पाठीला हवा आणि तोंडाला शेगडी. म्हणून मी सगळं पाहिलं, आणि सगळं पाहूनही काही पाहिलं नाही.

आमच्या आईकडून आलेली रीत अशी. पाळण्यात बाळ घालायच्या आधी वरवंटा घालायचा. खुंटीवरची बाळाची लाल कुंची त्याला गुंडाळायची, वर फडकं बांधून गाठ मारायची, की झालं दगडाचं बाळ. ते आजीनं पाळण्याखालून आत्याच्या हातात द्यायचं आणि गाणं म्हणायचं. आजी विचारते, जड की हलका? आत्या म्हणते, जड गं, जड. मग ते पाळण्यात निजवायचं, काढून पाळण्याखाली ठेवायचं आणि खरं बाळ वर घालायचं. नजर लागायची ती दगडाला लागू दे. दिवे लागेपर्यंत त्या बोचक्याला कुणी शिवायचं नाही. ज्या बाईनं गाठ मारली तिनंच ती सोडायची, बाळाकडं पाठ करून.

कडूबाईनं बोचकं बाजेवरून उचललं. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, जपून. पाळण्याखालून पुढं केलं. निकितानं हात घातले, घेतलं, आणि तिचे हात असे वर गेले की पाळण्याच्या तळाला धडक बसली. घुंगरं वाजली. रिकामा पाळणा हलला.

रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. चांगुणाबाई लेकीवर अशा कडाडल्या की गाणं मध्येच थांबलं. कडूबाईनंच ते पुढं ओढलं. जड की हलका? जड गं, जड, निकिता डोळ्यांत पाणी घेऊन म्हणाली.

नाव ठेवलं सई.

मग त्या दारासमोरच पंगत. पुरणपोळी, आमटी, भजी. चांगुणाबाईंना गोडाबरोबर लसणाची चटणी लागते, ती त्यांनी बारशाच्या गडबडीतच सांगून ठेवली होती. ती आली. जाडसर, तेल सुटलेली, आमच्या आईच्या हातची असायची तशी. कडूबाईनं ती पानात बघितली आणि तिच्या हातातलं तुपाचं भांडं थांबलं. चांगुणाबाईंनी पुन्हा मागितली तेव्हा ती संपली म्हणाली. वाटी अर्धी भरलेली मला दिसत होती. वाटलं, विहिणीला टोमणा मारायलीय. मी मनात हसलो.

३. पाट्याचा राजा पाळण्यात माझा

ही ओळ मी त्या दिवशी ओलांडली. तुम्हीही ओलांडा. परत यायचं आहे.

४. जड की हलका?

प्रश्न सगळ्यांना तेच होते, म्हणून ते गाळले आहेत. फाईल कधी पाहिलीत? दहा ते तीन कुठं होता? आत काय नेलंत, बाहेर काय आणलंत?

चांगुणाबाई, जीपच्या सावलीत, खुर्चीवर: "नोकरी नको असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. देवळात म्हणाले. जीपमधी म्हणाले. मग चोरून कशाला म्हणू? पिशवी बघायची तर बघा, नागनाथराव. पण न्हाई सापडली तर सून इथंच ठिवा. लेकरू तेवढं आमी न्यायलो."

पिशवीत अर्धवट विणलेला बाळाचा स्वेटर होता, औषधं होती, चष्मा होता. फाईल नव्हती. त्यांनी पिशवीची चेन स्वतः लावली, सावकाश, माझ्याकडं बघत.

योगीराज, मोबाईल हातात फिरवत: "ती गेली तरी मला चालतंय, मामा. न्हाई गेली तरी चालतंय. मी दारातनं बाळ बघितलं साडेबाराला, तुमी बाजूलाच होता की."

होतो.

निकिता, मोरीजवळ: "मी आत गेले ती रिकाम्या हातानं. बाहेर आले ती आईच्या शिव्या घेऊन. पाळणा मुद्दाम कशाला हलवीन? हात जोरात गेला. काय की. म्हणाले ना मी जड. सगळ्याच म्हणतात तसं. वहिनीनं नोकरी केली तर मला पुढं शिकायला वाट होईल, मी कशाला तिची फाईल घेऊ?"

तानुबाई, चुलीपुढं: "मी हितून हालले न्हाई. सकाळी भक्तीला न्हाऊ घातलं तेवढंच. त्याच्यानंतर भज्याचं तेल, लाईट न्हाई, मिक्सर बंद, अन् तुमच्या विहीणबाईला चटणी पाहिजे. हात बघा, दादा. अजून आग व्हायलीय."

कडूबाई: "माझी पेटी आधी बघ, दादा."

मी विचारायच्या आधीच तिनं पेटी उघडली होती. लुगडी काढून माजघरात जमिनीवर ठेवली, तळ दाखवला. मी म्हणालो, तुझी कशाला बघू? ती म्हणाली, सगळ्यांच्या बघायलास तर माझीही बघ.

भक्ती: "दहाला होती. मग मी न्हाणीत गेले. आले तवा बाया जमल्या होत्या. सूप उचलून बघितलं न्हाई. मामा, बारशापासनं तुमी दारात होता. माझ्या खोलीतनं कोण काय घेऊन गेलं?"

कुणीच काही नाही.

आणि बारशाच्या आधी? दहापासून बाया जमेपर्यंत खोलीतून फक्त कडूबाई ये-जा करत होती. लिंबाजी समोरच मांडवाला दोर बांधत होते. ते म्हणाले, ती हातात कुंकवाची वाटी घेऊन आत गेली आणि कुंकवाची वाटी घेऊनच बाहेर आली.

मग रीत बाजूला ठेवून मीही आत गेलो आणि आम्ही खोली शोधली. गादी उलटी केली. उशीचा अभ्रा काढला. खिडकीतल्या चिंध्या एकेक ओढल्या, तेव्हा बारा दिवसांत पहिल्यांदा आत वारा आला आणि भक्तीनं तोंड तिकडं केलं. चांगुणाबाईंनी दारातून सांगितलं, बाळाला बाधेल, आणि चिंध्या परत कोंबल्या. शेगडीची राख चाळली. राखेत प्लॅस्टिकचा वास नव्हता. कोनाडा, फळी, बाजेचे पाय. पाळण्याखालचं बोचकं ओलांडून मी पलीकडची भिंत चाचपली.

साडेपाच वाजले. फाईल खोलीतून बाहेर गेली नव्हती. फाईल खोलीत नव्हती.

अंगणात चांगुणाबाई योगीराजला मोठ्यानं सांगत होत्या, मला ऐकू यावं म्हणून: कुलूप काढायला सांग, न्हाईतर मी भिंतीवरनं उतरीन अन् मग हे घर मला विहिणीचं न्हाई.

गाडी थांबवली की दोन गोष्टी होतात. बिनतिकिटाचा सापडतो, किंवा सगळी गाडी चेकरला शिव्या देते. दार जास्त वेळ लावून ठेवता येत नाही.

भक्तीनं मला परत बोलावलं. बाळ पाजत होती. वर न बघता म्हणाली, "सोडा त्यांना, मामा. सासूबाईंच्या मनासारखं झालं, आता त्यांना कशाला कोंडता? कोंडायला मी हाय की."

३. पाट्याचा राजा पाळण्यात माझा

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तानुबाई भांडी घासायला मोरीवर गेली होती. माठाशेजारी पाटा धुऊन भिंतीला टेकवलेला, त्याच्यापुढं वरवंटा, ओला.

मी पाणी प्यायलो. पेला पालथा घातला. दारापर्यंत गेलो आणि थांबलो.

परत येऊन वरवंट्यापुढं बसलो. एका टोकाला टवका उडालेला. आमच्या आईनं कडूच्या लग्नात दिलेला. तो टवका मी पोर असताना त्यानं बिब्बे फोडून उडवला होता, आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. या घरात वरवंटा एकच. मी तो उचलला. दोन हात लागले.

हा इथं आहे. मग पाळण्याखाली कोण आहे?

तानुबाईला विचारलं. ती म्हणाली, पिठाच्या डब्यामागं गोणपाटाखाली होता, मला वाटलं बारशाला दुसरा घेतला असंल. बाया गाणं म्हणत असतानाच तिनं त्यावर चटणी वाटली होती. मी तिला म्हणालो, अंगणात विहीणबाईंना चहा दे, आणि इथं येऊ नको.

कडूबाई दिव्याची वात करायला आली. मला पाट्यापुढं बसलेला बघून तिनं दार ओढून घेतलं. कडी लावली. सबंध दिवसात मी न लावलेली ती पहिलीच कडी.

"लाईट पावणेबाराला गेली अन् तीनला आली," मी म्हणालो. "जेवताना चटणी पाट्यावरची होती. दगड इथं होता, म्हणजे कुंचीत नव्हता. निकितानं वजन येईल म्हणून हातांना जोर लावला, वजन आलंच नाही, हात वर गेले, पाळणा हलला. अन् तरी ती जड म्हणाली, कारण गाण्यात तसंच उत्तर आहे. कुंची खोलीतल्या खुंटीवर होती. भक्ती न्हाणीत गेली तेव्हा तू आत गेलीस. फाईल गुंडाळली की वीतभरच होते. बाहेर नेलीच नाहीस, म्हणून हातात फक्त वाटी दिसली. गाठ तू मारलीस, म्हणजे सोडणारही तूच. दिवे लागले की पाठ फिरवून बोचकं उचलून न्यायचं, कुणी विचारणारसुद्धा नाही."

तिनं कापूस हातात घेतला होता, त्याची वात होत नव्हती.

"अन् तू न विचारता पेटी दाखवलीस, कडे. एकोणीस वर्षं मी बघत आलो. काहीजण आपण होऊन तिकीट पुढं करतात. ते कालचं असतं."

"उद्याचा एकच दिवस जाऊ द्यायचा हुता," ती म्हणाली. "परवा मीच दिली असती, सापडली म्हणून."

का, ते तिनं हळू आवाजात, तुटक तुटक सांगितलं. जे चांगुणाबाई आज खुर्चीवर बसून म्हणाल्या, ते त्यांनी आठ दिवसांपूर्वी फोनवर म्हटलं होतं. सून नोकरीला जाईल तिकडं जाऊ द्या, लेकरू आमच्यापाशी राहील. योगीराजला विचारलं तर तो म्हणाला, आई म्हणंल तसं. नेमणूक कुठं मिळेल कुणास ठाऊक. एका टोकाला आई, एका टोकाला अंगावरचं लेकरू. लोक म्हणतील टाकलेली. कडूबाईला रात्री झोप लागत नव्हती.

मी म्हणालो, हे तिला सांगायचं होतंस, तिचं तिनं ठरवलं असतं.

"मला कुणी सांगितलं हुतं?"

 चौतीस वर्षांपूर्वी कडूला नर्सिंगच्या शिक्षणाचं पत्र आलं होतं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ते अंगणात फाडलं. मी नुकताच कंडक्टर झालो होतो, घरात माझ्या शब्दाला किंमत होती, आणि मी ड्यूटीला उशीर होतोय म्हणून सायकल काढली.

"मी कागद फाडले न्हाईत, दादा," ती म्हणाली. "अण्णानं फाडले हुते. मी कुंचीत घातले. वर फडकं बांधलं, शेगडीपासनं लांब ठिवलं."

बाहेर चांगुणाबाई कुलूप वाजवत होत्या. मी आता बाहेर जाऊन खरं सांगितलं, तर त्यांना आयुष्यभर पुरेल एवढं हत्यार मिळणार होतं: तुझ्या आईलाच तुझी नोकरी नकोय. आणि सांगितलं नाही, तर मी परत सायकल काढली असं होणार होतं.

"वात कर," मी म्हणालो. "दिवे लागायची वेळ झाली. आज गाठ कुणी सोडायची ते तू ठरव. पण बोचकं खोलीबाहेर येणार नाही. मी दारात आहे."

५. दिव्याला वात, गाठीला हात

दिवा लावताना सगळ्यांनी हजर असायचं असतं, म्हणून फुरंगटलेल्या चांगुणाबाईही आल्या. निकिता त्यांच्या मागं. मी दारात, दुपारच्याच जागी. योगीराज माझ्या खांद्यावरून बघत होता.

कडूबाईनं समई लावली. बाळाच्या कपाळाला काजळाची तीट लावली. मग ती खाली वाकली, पाळण्याखाली हात घातला आणि बोचकं ओढून घेतलं.

रीत अशी की तिनं आता पाठ फिरवायची. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग उठली, बाजेपाशी गेली आणि ते लाल बोचकं भक्तीच्या मांडीवर ठेवलं. दुपारी उचललं होतं तसं वाकून नाही. सरळ उभी राहून, एका हातानं.

"जड की हलका?" तिनं विचारलं.

चांगुणाबाई म्हणाल्या, आता कशाला विचारायलात, दुपारी झालं की. 

भक्तीनं बोचकं उचललं. तिचे हात दुपारच्या निकिताच्या हातांसारखे वर गेले, पण लगेच थांबले. बोटं फडक्यावरून फिरली. आत काहीतरी बारीक कुरकुरलं. त्या खोलीत ते मला ऐकू आलं, म्हणजे तिला आलंच. तिनं आईकडं पाहिलं.  मला वाटलं आता ती गाठ ओढेल आणि सगळं बाजेवर सांडेल. तिला तसा हक्क होता.

तिनं बोचकं छातीशी धरलं.

"जड गं," ती म्हणाली. "जड."

मग म्हणाली, गाठ मी सोडणार.

चांगुणाबाई म्हणाल्या, जिनं मारली तिनंच सोडायची असती. भक्ती म्हणाली, आमच्यात आजपासून लेकराची आई सोडते. आणि बोचकं आपल्या गोधडीखाली, बाळाच्या शेजारी सारलं.

कडूबाई भिंतीला टेकली. निकिता भक्तीच्या हातांकडं बघत होती. मग आपल्या हातांकडं. मग तिनं मान खाली घातली, आणि तिला कळलंय हे मला कळलं. 

अंगणात जाऊन मी कुलूप काढलं आणि मोठ्यानं सांगितलं की फाईल सापडली. माझ्याच पिशवीत होती. सकाळी सांभाळायला म्हणून मीच घेतली आणि विसरलो. वय झालं.

चांगुणाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "एकतीस वर्षं लोकांच्या पिशव्या उचकल्या," त्या म्हणाल्या, "अन् आपली तेवढी राहिली व्हय?" जीपमध्ये बसताना त्या अजून हसत होत्या. योगीराज म्हणाला, उद्या मी गाडी पाठवू का? म्हणजे, आई म्हणाली तर. मी म्हणालो, एसटी आहे.

सकाळी सव्वासातच्या गाडीला आम्ही तिघं उभे होतो. म्हणजे चौघं. कडूबाई रात्रीच म्हणाली होती, तपासणी होईस्तोवर लेकरू मी धरीन, बाहेर झाडाखाली बसंन. अन् नेमणूक कुठंही मिळू दे, तिथंही धरीन.  आईशी भक्ती सकाळपासून बोललीच नव्हती. पण बाळ तिच्याकडं दिलं होतं.

कंडक्टर ओळखीचा निघाला. मागं आला, पंच वाजवला. कडूबाईच्या मांडीवर सई, उघड्या डोक्यानं, पदरात. भक्तीच्या मांडीवर लाल कुंचीतलं बोचकं. गाठ तिनं अजून सोडलेली नव्हती.

"दोन बाळं, साहेब?" त्यानं मला विचारलं.

मी काही म्हणायच्या आत कडूबाई म्हणाली, "एकच. त्यो वरवंटा हाय."

भक्तीनं खिडकीकडं तोंड केलं. काच उघडी होती, वारा सरळ कानात जात होता, आणि कान बांधलेले नव्हते. ती हसायलीय की रडायलीय ते मला मागून दिसलं नाही. आईनं पदराचं टोक पुढं केलं. भक्तीनं ते घेतलं, झटकलं, आणि बाळाच्या डोक्यावर ओढलं.